उंची आणि घाई : विरळ हवेच्या आजाराचा इतिहास आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहण

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील गिर्यारोहणाचा विचार करताना सह्याद्री, गड-किल्ले आणि कातळकडे यांचेच चित्र प्रथम डोळ्यांसमोर उभे राहते. या परंपरेने महाराष्ट्राला निष्णात प्रस्तरारोहक दिले. चिकाटी, दोरकाम आणि संघभावना यांचे शिक्षण अनेक पिढ्यांना सह्याद्रीतच मिळाले. परंतु हिमालयातील एक शत्रू सह्याद्रीत कधीच भेटत नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर कोठेही उभे राहिले तरी या आजाराचा अनुभव येऊ शकत नाही. जो धोका घरी दिसत नाही, त्याची जाणीव दुसऱ्यांच्या अनुभवातून म्हणजेच इतिहासातून करून घ्यावी लागते.

उंचीवरील आजाराचा विचार आजवर प्रामुख्याने वैद्यकशास्त्राच्या अंगाने झाला. प्रस्तुत लेखात तो इतिहासाच्या अंगाने केला आहे. सोळाव्या शतकातील मध्य आशियाई स्वारीपासून २०१९ च्या एव्हरेस्ट हंगामापर्यंतच्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या असता एक समान सूत्र हाती लागते. उंचीचा आजार हा जितका उंचीचा, तितकाच घाईचा आजार आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. उंचीवरील आजाराविषयीचे ज्ञान कोणत्या टप्प्यांनी विकसित झाले, याचा आढावा घेणे.
२. या ज्ञानात भारतीय अनुभवाचे स्थान स्पष्ट करणे.
३. महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील गिर्यारोहणाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

आजाराचे स्वरूप :

इतिहासाकडे वळण्यापूर्वी आजाराची ओळख आवश्यक ठरते. उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही. ते समुद्रसपाटीप्रमाणेच सुमारे २१ टक्के असते. बदलतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो निम्मा होतो, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर जवळजवळ एक-तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होत जातो.

शरीर या टंचाईशी जुळवून घेऊ शकते. श्वासाची गती व खोली वाढते, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कधर्मी समतोल सावरतात आणि पुढे तांबड्या पेशींचे प्रमाणही वाढते. या प्रक्रियेला अनुकूलन म्हणतात. गिर्यारोहकांच्या बोलीत तेच ‘ॲक्लमटायझेशन’. तिला काही दिवस, अतिउंचीसाठी काही आठवडे लागतात. हा अवधी मिळाला नाही तर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर व थकवा ही लक्षणे दिसू लागतात. ही सौम्य अवस्था विश्रांतीने आटोक्यात येते.

तिच्याकडे दुर्लक्ष करून चढाई सुरू ठेवल्यास दोन प्राणघातक अवस्था संभवतात. पहिलीत फुप्फुसांत पाणी साचते. भारतीय सैन्यात तिला ‘हापो’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, खोकला आणि ओठ-नखे निळसर पडणे ही तिची चिन्हे होत. दुसरीत मेंदूला सूज येते, तोल जातो, बोलण्यात असंबद्धता येते आणि विचारशक्ती मंदावते. सरळ रेषेत चालता न येणे ही तिची ठळक खूण मानली जाते. दुसरी अवस्था विशेष घातक ठरते, कारण धोका ओळखून परत फिरण्याचा निर्णय ज्या मेंदूने घ्यायचा, तोच मेंदू आजारी पडलेला असतो. दोन्ही अवस्थांत प्राणवायू व औषधे यांची मदत होते. मात्र रुग्णाला तत्काळ खाली उतरवणे हाच मुख्य उपचार आहे.

‘दमगिरी’पासून दाबमापकापर्यंत :

या आजाराचे एक जुने आणि विलक्षण नेमके वर्णन भारताच्या उत्तर सीमेवरील प्रदेशातून मिळते. मिर्झा हैदर दुघलात याने सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘तारीख-इ-रशीदी’ या फारसी ग्रंथात ‘दमगिरी’ नावाच्या व्याधीचा उल्लेख केला आहे. दमगिरी म्हणजे श्वास कोंडणे. लडाख व तिबेटच्या मोहिमेत माणसे आणि घोडे या व्याधीने कसे बेजार झाले, याची हकीकत तो देतो. ही व्याधी परक्यांनाच जडते, तेथील रहिवाशांना तिची माहितीही नसते, हे त्याचे निरीक्षण आजच्या ज्ञानाशी जुळणारे आहे. त्याचा स्वामी, काशगरचा सुलतान सईद खान, याच मोहिमेवरून काराकोरम मार्गे परतताना १५३३ मध्ये दमगिरीने मरण पावला. राजसत्ता, सैन्य व संपत्ती यांपैकी काहीही त्याच्या कामी आले नाही.

आजाराचे कारण सापडण्यासाठी मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी हवेचा दाब कमी-जास्त करता येणाऱ्या कोठीत प्रयोग केले. उंचीवरील त्रासाचे मूळ प्राणवायूच्या कमी झालेल्या दाबात आहे, हे त्यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून सिद्ध केले. त्यापूर्वी तीन वर्षे, एप्रिल १८७५ मध्ये, ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच प्रवासी काही तासांतच सुमारे ८,००० मीटर उंचीवर गेले होते. त्यांच्याजवळ प्राणवायूचा साठा होता. परंतु शुद्ध इतक्या नकळत हरपली की तो वापरायलाही त्यांना सवड मिळाली नाही. तिघांपैकी दोघे मरण पावले.

या घटनेशेजारी ८ मे १९७८ ची घटना ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. त्या दिवशी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि सुखरूप परतले. बलूनमधील प्रवाशांच्या तुलनेत ते अधिक उंचीवर होते. फरक होता तो काळाचा. एका ठिकाणी शरीराला काही तास मिळाले होते, दुसऱ्या ठिकाणी अनेक आठवडे.

या दोन टोकांच्या मधल्या काळात ब्रिटिश मोहिमांनी अनुभवाचा मोठा साठा जमवला. १९२४ मध्ये एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूविना सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोहोचले होते. १९५३ च्या यशस्वी मोहिमेमागे ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाचा अभ्यास होता. प्राणवायूचा पुरेसा प्रवाह, भरपूर पाणी आणि अनुकूलनाचा निश्चित कालावधी यांवर त्यांचा भर होता. त्या मोहिमेतील सदस्य काठमांडू खोऱ्यातून पायीच निघाले होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ चाललेली ही वाटचाल प्रवासाची अपरिहार्य गरज होती, परंतु शरीरासाठी तीच अनुकूलनाची पहिली पायरी ठरली.

१९६२ आणि भारतीय संशोधनाचे योगदान :

उंचीच्या आजाराच्या इतिहासात भारताचे स्थान मध्यवर्ती आहे. ते मोल देऊन मिळालेले आहे. १९६२ च्या भारत-चीन संघर्षाच्या काळात मैदानी प्रदेशातील हजारो जवानांना अल्पावधीत, बऱ्याचदा विमानाने, हिमालयातील अतिउंच ठाण्यांवर हलवावे लागले. सईद खानाच्या सैन्याला घोड्यावरून जाताना जो अवधी मिळाला होता, तोही या जवानांना मिळाला नाही. परिणामी शत्रूच्या गोळीइतकाच विरळ हवेनेही सैन्याचा घास घेण्यास सुरुवात केली.

सेनादलातील वैद्य इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला. १,९२५ जवानांवरील निरीक्षणांवर आधारित त्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंचीवर पोहोचल्यानंतर लक्षणे लगेच दिसत नाहीत, सहा ते शहाण्णव तासांच्या अंतराने ती प्रकट होतात, हे त्यातील एक महत्त्वाचे निरीक्षण होते. पहिल्या दिवशी ठणठणीत वाटणे ही सुरक्षिततेची हमी नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. संख्येच्या दृष्टीने इतका व्यापक अभ्यास तोवर क्वचितच झाला होता.

या अनुभवातून भारतीय सैन्याने टप्प्याटप्प्याने उंची गाठण्याची शिस्त घालून घेतली. सुमारे २,७०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात सहा दिवस, ३,६०० ते ४,५०० मीटरच्या पट्ट्यात चार दिवस आणि त्याहून वर पुन्हा चार दिवस, अशी चौदा दिवसांची ही पद्धत आहे. १९६२ मध्येच स्थापन झालेल्या दिल्लीच्या संरक्षण शरीरशास्त्र व संलग्न विज्ञान संस्थेने या विषयावरील संशोधन पुढे चालू ठेवले. १९८४ पासून सियाचीनसारख्या जगातील सर्वांत उंच रणभूमीवर सैन्य ठाण मांडून राहू शकले, त्याच्या मुळाशी ही शिस्तदेखील आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जवानाला चौदा दिवस थांबणे बंधनकारक असते. हौशी पर्यटकाला असे कोणतेही बंधन नसते.

लुक्ला : वाचलेला वेळ आणि वाढलेला धोका :

१९६४ मध्ये नेपाळात लुक्ला येथे धावपट्टी तयार झाली. सुमारे २,८०० मीटर उंचीवरील या गावी विमानाने थेट उतरण्याची सोय झाल्याने एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणारी दीर्घ पायवाट टाळता येऊ लागली. पर्यटक वाढले, तसे रुग्णही वाढले. १९७३ मध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि फेरिचे येथे तिचे मदतकेंद्र सुरू झाले.

पीटर हॅकेट व ड्रमंड रेनी यांनी तेथे २७८ पदभ्रमंती करणाऱ्यांची पाहणी केली. १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांपैकी ५३ टक्के जणांना उंचीचा त्रास झाला होता. विमानाने आलेल्यांमध्ये, वेगाने चढलेल्यांमध्ये आणि वाटेत कमी मुक्काम केलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. तरुणांमध्येही ते अधिक आढळले, ही बाब महाविद्यालयीन क्षेत्रातील वाचकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावी अशी आहे. तारुण्य व शारीरिक तंदुरुस्ती यांमुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही. उलट तंदुरुस्त तरुण अधिक वेगाने चढतो आणि म्हणूनच अधिक धोक्यात येतो.

महाराष्ट्राला मुक्कामाचे महत्त्व सांगावे लागू नये. पंढरीच्या वारीत दररोजचे अंतर व मुक्कामाची गावे ठरलेली असतात आणि दिंडीतील सर्वांत धट्टाकट्टा वारकरीही पालखीच्या पुढे धावत सुटत नाही. हिमालयातील नियम याच जातीचा आहे. ३,००० मीटरच्या पुढे रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असे आजचे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते.

महाराष्ट्रातील गिर्यारोहक आणि उंचीचे शिक्षण :

महाराष्ट्रातील नागरी गिर्यारोहकांनी अतिउंच शिखरांकडे वळण्याची प्रक्रिया १९८० च्या दशकात गतिमान झाली. वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखालील १९८८ ची कांचनगंगा मोहीम हा तिचा महत्त्वाचा टप्पा होय. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. २००९ मध्ये कृष्णा पाटील या तरुणीने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्ट सर केले.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेची वाटचाल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे आठ सदस्य मे २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर पोहोचले. स्थापना आणि हे यश यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. त्यानंतर ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू अशी एकेक शिखरे घेत संस्था २०१९ मध्ये कांचनगंगेपर्यंत आली. त्या वर्षी १५ मे रोजी तिचे दहा सदस्य माथ्यावर पोहोचून परतले. त्याच सुमारास त्याच पर्वतावर पश्चिम बंगालमधील दोन अनुभवी गिर्यारोहकांना उंची, थंडी व थकवा यांमुळे प्राण गमवावे लागले. अनुभवामुळे धोका नाहीसा होत नाही, याचे हे गंभीर स्मरण आहे. म्हणूनच गाठीशी असलेला अनुभवही प्रत्येक वेळी सावधपणे वापरावा लागतो.

शासकीय पातळीवरील उदाहरण २०१८ मधील ‘मिशन शौर्य’चे आहे. आदिवासी विकास विभागाच्या या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. सपाट, उष्ण प्रदेशातील या मुलांना दार्जिलिंग व लडाख येथे टप्प्याटप्प्याने उंचीची सवय करून देण्यात आली होती. त्यांच्या यशाचे श्रेय धैर्याला जितके, तितकेच या पूर्वतयारीला द्यावे लागते.

मराठवाड्याचा विचार करता दोन नावे ठळकपणे पुढे येतात. पोलीस दलातील रफिक शेख यांनी २०१६ मध्ये एव्हरेस्ट सर केले. त्यापूर्वीचे २०१४ व २०१५ चे हंगाम हिमप्रपात व भूकंप यांमुळे नेपाळच्या बाजूने बंद पडले होते. छत्रपती संभाजीनगर, तत्कालीन औरंगाबाद, येथील क्रीडा प्राध्यापिका मनीषा वाघमारे यांना २०१७ मध्ये शिखर अगदी जवळ आले असताना प्रतिकूल हवामानामुळे परत फिरावे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, त्या माथ्यावर पोहोचल्या. सत्कार २०१८ च्या यशाचे झाले. इतिहासाच्या दृष्टीने २०१७ ची माघार तितकीच मोलाची आहे, कारण त्या माघारीमुळेच पुढचे यश शक्य झाले.

२०१९ चा हंगाम :

माघार घेणे किती अवघड असते, हे २०१९ च्या वसंत ऋतूत दिसून आले. नेपाळ शासनाने त्या हंगामात एव्हरेस्टसाठी ३८१ परवाने दिले होते. अनुकूल हवामानाचे दिवस मोजकेच मिळाले आणि माथ्याखालच्या अरुंद धारेवर गिर्यारोहकांची लांबच लांब रांग लागली. आठ हजार मीटरच्या वर, जेथे शरीर कितीही थांबले तरी जुळवून घेऊ शकत नाही आणि प्रत्येक तासागणिक खचत जाते, तेथे अनेकांना तासन्‌तास तिष्ठत राहावे लागले. त्या हंगामात एव्हरेस्टच्या दोन्ही बाजू मिळून अकरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. मुंबईच्या एक महिला गिर्यारोहक आणि पुण्याचा एक तरुण. दोघांनाही मृत्यूने उतरणीच्या वाटेवर गाठले.

उतरताना होणारे मृत्यू हा योगायोग नाही. १९२१ ते २००६ या काळातील एव्हरेस्टवरील मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १४,१३८ गिर्यारोहकांपैकी २१२ जणांचा मृत्यू झाला होता. आठ हजार मीटरच्या वर मृत्यू पावलेल्यांपैकी बहुतेकांना तो उतरताना आला होता आणि मृत्यूपूर्वी अनेकांत तोल जाणे, गोंधळणे, विलक्षण थकवा अशी मेंदूच्या सुजेशी जुळणारी लक्षणे आढळली होती. शिखर हा निम्माच प्रवास असतो, हे या आकडेवारीवरून स्पष्ट होते.

येथे ज्ञानाचा अभाव हे कारण पुढे करता येत नाही. आजाराचे कारण १८७८ पासून, लक्षणांचा क्रम १९६९ पासून आणि प्रतिबंधाचे उपाय १९७६ पासून ज्ञात आहेत. उणीव आहे ती हे ज्ञान आचरणात आणण्याची मुभा देणाऱ्या व्यवस्थेची. मोहिमेचा लक्षावधी रुपयांचा खर्च, त्यासाठी काढलेले कर्ज किंवा गावाने जमवलेली वर्गणी, रजेचे मोजके दिवस आणि परतल्यावर होणाऱ्या सत्काराची अपेक्षा यांचे ओझे पाठीवरच्या पिशवीपेक्षा जड असते. हे ओझे घेऊन चढणाऱ्याला डोकेदुखी सांगण्याची लाज वाटते आणि परतीचा विचार हा अपराध वाटू लागतो.

पूर्णा परिसराच्या संदर्भात :

गोदावरीच्या खोऱ्यात वसलेले पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर उंचीवर आहे. हिमालयापासून दूर असलेल्या या गावाचा उंचीच्या आजाराशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस याच गावावरून धावते. अमरनाथ, केदारनाथ व लेह-लडाखकडे जाणारे यात्रेकरू, पदभ्रमंतीसाठी निघालेले विद्यार्थी आणि सैन्यात भरती झालेले तरुण मराठवाड्यातून दरवर्षी उत्तरेकडे जातात. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिन्ही ठिकाणे कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहेत. दिल्लीहून विमानाने लेहला उतरणारा प्रवासी दीड तासाच्या आत ही उंची गाठतो.

याचा अर्थ असा की उंचीचा धोका एव्हरेस्टवीरांपुरता मर्यादित नाही. जेथे घरच्या भूमीवर दोन-अडीच हजार मीटर उंचीची एकही टेकडी नाही, तेथील रहिवाशांना या धोक्याची कल्पना असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. मिर्झा हैदरने ज्यांना ‘परके’ म्हटले, त्यांत मराठवाड्यातील प्रत्येक प्रवाशाचा समावेश होतो. राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना आणि क्रीडा विभाग यांच्यामार्फत विद्यार्थ्यांना हिमालयात पाठवणाऱ्या महाविद्यालयांची जबाबदारी येथे सुरू होते. प्रवासाच्या वेळापत्रकात अनुकूलनाचे दिवस राखून ठेवणे, विद्यार्थ्यांना लक्षणे आधीच समजावून सांगणे, आजारी सदस्याला एकट्याने खाली न पाठवणे आणि माघारी आलेल्याची नोंद अपयश म्हणून न करणे, या चार गोष्टींना वेगळा निधी फारसा लागत नाही.

निष्कर्ष :

१. उंचीच्या आजाराचा इतिहास हा बहुतांशी वाढत्या वेगाचा इतिहास आहे. घोडा, बलून, सैनिकी विमान, लुक्लाची धावपट्टी आणि लेहचे विमानतळ या प्रत्येक टप्प्यावर प्रवासाचा वेळ वाचला आणि शरीराचा अवधी कमी झाला.

२. या आजाराच्या आकलनात १९६२ नंतरच्या भारतीय सैनिकी वैद्यकाचे योगदान मूलभूत आहे. त्यातून निर्माण झालेली चौदा दिवसांची शिस्त नागरी गिर्यारोहण व यात्रा यांनाही मार्गदर्शक ठरू शकते.

३. सह्याद्री हात-पाय घडवतो, अनुकूलन शिकवत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील गिर्यारोहकाला हे शिक्षण स्वतंत्रपणे व सावकाश घ्यावे लागते. दीर्घ तयारी करणाऱ्या संस्थांच्या यशातून हेच दिसते.

४. २०१९ चे मृत्यू ज्ञानाच्या अभावातून घडले असे म्हणता येत नाही. पैसा, मुदत आणि प्रतिष्ठा यांच्या दडपणाखाली थांबण्याची व परतण्याची मोकळीक उरत नाही, हा त्यामागील सामाजिक प्रश्न आहे.

५. शिखरवीरांचे सत्कार करणाऱ्या समाजाने योग्य वेळी परत फिरणाऱ्याचाही सत्कार करण्याची रीत पाडली, तर पुढील मोहिमांतील काही जीव वाचतील. ही रीत शैक्षणिक संस्थांपासून सुरू होणे इष्ट आहे.